चर्च काही हलत नाही

…म्हणे वीस मिनिटं! चाळीस वर्षं ज्या माणसानं डिटेक्टरनं जमिनीतली जुनी नाणी हुडकत या जिल्ह्याची शेतं उकरली त्याला सांगतात, विल्फ, वीस मिनिटांत आटपा, नंतर चहा आहे आणि आल्याचा केक आहे. आता केकपुढे माझं काय चालणार? आणि विषय काय दिलाय, तर 'जुन्या नकाशांवरून जागा कशी शोधावी'. तुम्ही नवीन मंडळी वह्या-पेनं घेऊन बसलाय, कौतुक आहे, पण तुम्हाला सांगतो, ते सगळं चार वाक्यांचं काम आहे. ती चार वाक्यं सांगतो आणि मग मला जे सांगायचंय ते सांगतो, कारण मी त्याच्यासाठी आलोय. नाहीतर रविवार सोडून मी घराबाहेर पडत नाही हल्ली, आणि रविवारी कुठे असतो ते… येईल, येईल ते पुढे.

तर जुना नकाशा घ्यायचा. आपल्या हॉकथॉर्पचा १८४१चा आहे. चर्चला कुणी किती कर द्यायचा ते ठरवायला केलेला, म्हणजे वसुलीसाठी केलेला, म्हणजे चूक नाही! एकेका शेताला नंबर, नंबरापुढे नाव. लायब्ररीतल्या झेरॉक्स यंत्रावर तो आजच्या नकाशाच्या मापाचा करून घ्यायचा, ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं उतरवायचा, आणि तो कागद आजच्या नकाशावर पसरायचा. झालं? नाही झालं! कागद सरकतो. म्हणून टाचणी मारायची. कुठे मारायची? जे तेव्हा होतं आणि आजही जागच्या जागी आहे, तिथे. आता मला सांगा, दोनशे वर्षांत जागच्या जागी राहतं काय? झाडं पडतात, वाटा बुजतात, कुंपणं शेतकरी एका दुपारात उपटून जाळतो. उरलं काय? मी सिरिलला हेच विचारलं होतं, ह्याच खोलीत, त्या तिथल्या टेबलावर, पेल्यावर पेला आपटून. चर्च! चर्च काही हलत नाही!

सिरिल कोण ते तुम्हाला माहीत नसणार. सिरिल ड्रूरी. शाळेची बस चालवायचा, मी टपाल वाटायचो, आणि तीस वर्षं दर रविवारी आम्ही दोघं डिटेक्टर खांद्याला लावून बरोबर निघायचो. त्याची कॉफी, माझी सँडविचेस. तो बोलायचा कमी, खोकायचा जास्त. सिगारेटचा खोकला, असा खोल, की मेंढरं माना वर करून बघायची. गेल्या फेब्रुवारीत गेला तो. झोपेतच गेला. आणि आम्ही दोन वर्षं बोलत नव्हतो.

कशावरून? टाचणीवरून! हसा, हसा. माझी बायको एनिडसुद्धा हसली होती पहिल्या दिवशी. दुसऱ्या वर्षी नाही हसली.

त्याचं असं झालं. त्या १८४१च्या नकाशात एक तुकडा आहे, नंबर दोनशे बारा, नाव 'जत्रेचा तुकडा'. गडीजत्रा हो! दर मे महिन्यात सगळ्या भागातले गडी आणि मोलकरणी तिथे रांगेत उभ्या राहायच्या, शेतकरी यायचे, दंड चाचपून बघायचे, आणि ठरलं की गड्याच्या हातावर नाणं ठेवायचे. नाणं घेतलं की वर्षभर बांधला गेला. शे-दीडशे वर्षं ही जत्रा भरली. गड्यांचे खिसे फाटके, वर दारू प्यायलेले, वर नाच. म्हणजे किती पडलं असेल त्या गवतात विचार करा! आणि आजवर कुणी तिथे यंत्र फिरवलेलं नाही, कारण तो तुकडा आज नेमका कुठे येतो हे कुणाला माहीत नाही. आम्हालाही नव्हतं. आठ महिने लायब्ररीत बसलो आम्ही त्या एका तुकड्यासाठी.

मी कागद पसरला, चर्चच्या मनोऱ्यावर टाचणी मारली, उत्तर दिशा जुळवली, आणि दोनशे बारा आला पिंचबेकच्या शेतात. सिरिलनं तोच कागद उचलला, ओढ्याच्या पुलावर एक टाचणी आणि गावाच्या हद्दीच्या दगडावर दुसरी टाचणी मारली, आणि दोनशे बारा गेला पार पलीकडे, गल्ली ओलांडून टॉयनबाईंच्या कुरणात. मी म्हटलं, सिरिल, तुझ्या टाचणीनं चर्च कुठे आलंय बघितलंस का? मेंढरांच्या मधोमध! त्यानं बघितलं. म्हणाला, "हो, आणि तुझ्या टाचणीनं पूल पिंचबेकच्या डुकरांच्या खुराड्यात गेलाय आणि पवनचक्की तळ्यात उभी आहे." मी म्हटलं, तो मोजणारा प्यायलेला असणार. मग तो हळूच म्हणाला, त्याचा आवाज कधी चढायचाच नाही हो, हाच तर त्रास होता, तो म्हणाला, "विल्फ, एकटं चर्च खरं आणि बाकी अख्खं गाव खोटं, असं कसं होईल?"

आणि मी काय बोललो? मी बोललो, "चाळीस पोरं घेऊन रोज एकाच रस्त्यानं जाणाऱ्यानं मला पत्ते शिकवू नयेत." सगळ्यांसमोर. लोक हसले. सिरिल नाही हसला. त्यानं पेला संपवला, टोपी घातली आणि गेला.

दोन वर्षं! दोनशे वस्तीच्या गावात दोन वर्षं एखाद्याशी न बोलणं म्हणजे काय कष्ट असतात याची तुम्हाला कल्पना नाही. तो दुकानात सकाळी जायचा म्हणून मी दुपारी जायचो, म्हणजे मला शिळा पाव. त्याची डॉरीन आणि माझी एनिड मात्र मजेत, एकमेकींच्या घरी जॅम पोचवतायत! मी एनिडला म्हणायचो, जाऊन एकदा माफी मागून टाकू का? ती म्हणायची, मागा. की मी म्हणायचो, पण चूक त्याची आहे, चर्च काही हलत नाही! की ती दिवा घालवायची.

आणि रविवार? रविवारी मी एकटा पिंचबेकच्या शेतात. परवानगी मिळाली सहज, पिंचबेक कुणालाही देतो, तुम्हालाही दिलीये. कापणी झाली की धसकटांतून मी आपला इकडून तिकडे, तिकडून इकडे. सापडलं काय? बियरच्या डब्यांच्या कड्या! पिशवी भरून! ट्रॅक्टरचे नट, बंदुकीच्या काडतुसांची बुडं, आणि एकदा काय छान वाजलं म्हणून कोपरभर खणलं तर पिंचबेकच्या आज्याची सिगारेटची डबी. ती त्यानं परत घेतली. मी क्लबात येऊन सांगायचो, जत्रा अजून खोल आहे. लोक माना डोलवायचे. सिरिल यायचा नाहीच क्लबात.

आणि मग तो म्हातारा दिसायला लागला.

आता तुमच्यातल्या काहींना ही गोष्ट ठाऊक असेल, बाकीच्यांना सांगतो. टॉयनबाईंच्या फाटकाशी घंटेवाला म्हातारा उभा असतो, असं आमच्या गावात माझ्या आजीच्या आधीपासून सांगतात. चर्चची घंटा वाजवणारा कुणी होता, मेला, आणि अजून रविवारी सकाळी येतो, फाटकाशी थांबतो, वाट बघतो, कुणी हाक मारली तर नाहीसा होतो. लहानपणी ह्या गोष्टीनं आम्ही अंथरुणं ओली केलीत. साठ वर्षं मी ही गोष्ट ऐकतोय, आणि तुम्हाला सांगतो, साठ वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की अरे, चर्चची घंटा वाजवणारा भूत होऊन मेंढरांच्या कुरणात कशाला येईल! अक्कल अशी असते आपली. समोर टांगलेली असते नि आपण खाली मान घालून खणत असतो.

तर ऑक्टोबरचा रविवार. धुकं जमिनीपासून छातीपर्यंत. मी मान वर केली, आणि गल्लीपलीकडे फाटकाच्या वरच्या फळीवर कुणीतरी बसलेलं. काळं. न हलणारं. माझे डोळे तेव्हा मोतीबिंदूनं गेलेले, ऑपरेशनसाठी नंबर लावून वर्ष झालेलं, मला एनिड आणि कपाट यांत फरक कळायचा तो आवाजावरून. पण हे दिसत होतं. मी म्हटलं, झुडूप असेल. पुढच्या रविवारी झुडूप जागेवर नाही. दहा वाजता बघतो तर झुडूप येऊन बसलेलं!

मी काय केलं? काही नाही. खाली मान घालून खणलं. नोव्हेंबर तसाच काढला. पाठीत कुणाची तरी नजर रुतलेली असते ना, ती घेऊन. घरी आलो की पाठ दुखायची. एनिडला सांगितलं तर म्हणाली, जाऊन विचारा की काय हवंय. हिला काय जातंय!

आणि मग डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यानं हात वर केला. असा. हळू. आणि धरून ठेवला.

तुम्हाला सांगतो, त्र्याहत्तराव्या वर्षी मी कुंपण उडी मारून ओलांडलंय. डिटेक्टर बगलेत, बाकी सगळं तिथेच. माझं फावडं तिथेच राहिलं, मुठीला लाल पट्टी गुंडाळलेलं, टपाल खात्यातून निवृत्त होताना पिशवीची पट्टी कापून घेतली होती ती. पुढचा आठवडा मी ताप आल्याचं सांगून काढला. त्यानंतरच्या रविवारी पिंचबेकला बरोबर घेऊन गेलो, फावडं न्यायला म्हणून. आणि फावडं होतं! माझ्या खड्ड्याशी सरळ रोवलेलं. खड्डा बुजवलेला, वरचं ढेकूळ थापून बसवलेलं, आणि फावडं धुतलेलं, तेल लावलेलं, धार काढलेलं. इतकी धार मला कधी जमली नाही. पिंचबेक म्हणाला, भूत चांगल्या घरचं दिसतंय. एनिड म्हणाली, त्याला म्हणावं आमच्या कात्रीलाही धार लावून दे. मी ते फावडं पोत्यात गुंडाळलं, शेडमध्ये टांगलं, वर बायबल ठेवलं आणि कुलूप लावलं. मी पिंचबेकच्या शेतात पुन्हा गेलो नाही. जानेवारी गेला. फेब्रुवारीत सिरिल गेला.

डॉरीननं मला खांदा द्यायला बोलावलं नाही. का बोलवावं? मी मागे बसलो, खांबाआड, पाणकुंडाजवळ. त्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झालाय, लग्न झालंय, आईबाप तिथून गेले, पण त्या कोपऱ्यात मी कधी बसलो नव्हतो, कारण तिथे फुलांचं मोठं लोखंडी स्टँड असतं, समोरचं काही दिसत नाही. त्या दिवशी स्टँड रिकामं होतं. फुलं सिरिलवर होती. आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. पाद्री प्रार्थना म्हणतोय, मला रडू येत नाहीये, राग येतोय, कसला ते कळत नाहीये, म्हणून आपलं बघायचं म्हणून भिंतीकडे बघितलं, तर भिंतीत दगड. दगडावर अक्षरं. "जुने चर्च खचल्याने दगड न् दगड उचलून येथे नवीन जागी बांधले, सन १८६८."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि आपला नकाशा १८४१चा! आणि मोठ्यानं ओरडलो, "हललं!"

भर प्रार्थनेत. सगळ्यांनी शवपेटीकडे बघितलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठून दाराकडे गेल्या. पाद्री पुस्तक मिटून उभा. डॉरीन मात्र वळून माझ्याकडे बघत होती, आणि तुम्हाला सांगतो, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी आणि हसत होती. तिला सगळं माहीत होतं हो. बाहेर आल्यावर माझ्याजवळ आली, एवढंच म्हणाली, "टॉयनबाईंना भेट, विल्फ. कधीची वाट बघतायत."

आता टॉयनबाई म्हणजे! नव्वदीला टेकलेल्या, दोन कुत्री, आणि आजवर एकाही डिटेक्टरवाल्याला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलेलं नाही. मी गेलो. त्यांनी मला आत घेतलं नाही, दारातच उभं केलं, आणि आतून एक कागद आणला. म्हणाल्या, तुमच्या मित्रानं दोन वर्षांपूर्वी गवतकापणीच्या वेळी माझ्या वैरणीत पडलेला यंत्राचा लोखंडी दात शोधून दिला, गाईच्या पोटात गेला असता. म्हटलं काय हवं ते मागा. त्यानं परवानगी मागितली. मी लिहून दिली. तर म्हणाला, अशी नको, अशी लिहा. मी कागद बघितला. 'सिरिल ड्रूरी आणि विल्फ्रेड डाऊस. दोघांनी मिळून. एकट्याने नाही.'

मी विचारलं, मग त्यानं किती खणलं? काय सापडलं?

"एक ढेकूळही उचललं नाही," बाई म्हणाल्या. "दर रविवारी यायचे, यंत्रसुद्धा आणायचे नाहीत. कॉफी घेऊन फाटकावर बसायचे आणि तुम्हाला पलीकडे खणताना बघायचे. मी म्हटलं, अहो खणा की, परवानगी आहे. तर म्हणाले, मी आधी खणलं तर ते जिंकणं होईल, मला जिंकायचं नाहीये. त्याला चर्चचं कळलं की येईल तो. टपालवाला आहे, उशिरा का होईना, पत्त्यावर पोचतो."

उशिरा का होईना…

थांबा जरा. पाणी द्या कुणीतरी.

तर हे असं. दोन वर्षं माणूस थंडीत फाटकावर बसला, हात वर केला, आणि मी पळालो. त्यानं खड्डा बुजवला, फावड्याला धार काढली, आणि मी त्यावर बायबल ठेवलं. नुसतं येऊन बोलायचं की रे, सिरिल! पण तो कसा बोलेल, मीच तर सगळ्यांसमोर त्याचं तोंड बंद केलं होतं. भूतबाधेवर गावात पाद्री आहे, यावर कोण आहे?

मार्चमध्ये मी गेलो एकदा. एकटाच, धारवालं फावडं आणि यंत्र घेऊन. बाई चर्चला गेल्यात असं बघून, चोरासारखा. फाटक ओलांडलं, यंत्र लावलं, आणि तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं. पाऊल टाकलं की वाजतंय. डावीकडे वाजतंय, उजवीकडे वाजतंय, सगळं कुरण गात होतं! गुडघ्यावर बसलो. फावड्याचं पातं गवतावर टेकवलं. आणि मागे कुणीतरी खोकलं.

खोल. सिगारेटचा.

मी वळलो नाही. म्हटलं, "तूच बरोबर होतास, सिरिल. मला माफ कर." ज्या माणसाशी हे दोन वर्षांपूर्वी बोलायचं होतं ते मी गुडघ्यावर बसून, पाठमोरा बोललो. मग वळलो, तर मेंढी. म्हातारी, चघळत उभी. मेंढ्या अगदी माणसासारख्या खोकतात, सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण मी फावडं उचललं आणि परत आलो. माझ्यानं नाही झालं. कागदावर लिहिलंय ना, एकट्याने नाही.

टॉयनबाईंना विचारलं, त्याचं नाव खोडून दुसऱ्याचं घालाल का. म्हणाल्या, खोडणार नाही, पण खाली तिसरं लिहीन. दुसरा माणूस आणा, मग दोघं मिळून खणा. आणि मी काही फार दिवस थांबणार नाही. आता आणू कुठून? माझ्या वयाचे सगळे एकतर गुडघ्यांनी गेलेत किंवा मुळातच गेलेत. म्हणून मी कापणीपासून दर रविवारी कॉफी घेऊन फाटकावर बसतो. आणि पलीकडे पिंचबेकच्या शेतात बघतो तर काय, तुम्ही! नवीन मंडळी! फोनवर जुना नकाशा, वर आजचा, आणि हौसेनं जुळवलंय कशावर, तर मनोऱ्यावर! मी इतक्या लांबून ओळखलं. खणताय कड्या. काढताय नट. चर्च काही हलत नाही, असंच म्हणाला असाल ना एकमेकांना?

तर आता वीस मिनिटं झाली, चिटणीसबाई घड्याळ दाखवतायत, केक कापलाय. शेवटचं सांगतो. गेल्या रविवारी, धुक्यात, मी फाटकावरून हात वर केला. असा, हळू. तुमच्यापैकी जे कुणी दोघं तिथे होतात, कुंपण चांगलं उडी मारून गेलात, माझ्यापेक्षा बरं. मी नाव विचारत नाही. पण निळ्या झाकणाचा सँडविचचा डबा तिथेच राहिलाय.

धुऊन ठेवलाय मी. रविवारी फाटकाशी येऊन घेऊन जा.